टिकलीवाले अंडे

मी रंभा. भिलाईत सेक्टर पाचच्या क्वार्टरात पंचवीस वर्सं झाली. आमचे हे, बाबुलाल, प्लांटमध्ये. पोरगी एकच, दामिनी. तिनं एम. एस्सी. केली, अन कशात? तर सरड्यात! शेजारपाजारच्या बाया विचारतात तं मी नुसतं 'सायन्स' म्हणते.

जूनमध्ये तिले पत्र आलं. अचानकमारच्या जंगलात दोन वर्सं राहून सरडे पाहाचे. उत्तर ऑगस्ट सरायच्या आत द्याचं.

"बाप्पा! लोकाइच्या पोरी ऑफिसात बसतात, अन तू झाडावर चढ," मी म्हणलं.

"मम्मी, जंगलका सरडा अलग होता है," ती म्हणे. "त्याले सावलीच लागते. एक मोठं झाड पडलं, खाली ऊन आलं, का तो तिथून जाते. मग आपल्या अंगणातला हा लाल गळ्याचा तिथं येऊन बसते. कोण गेला, कोण आला, कोणी मोजलंच नाही."

"मोजून काय करशील?"

"मोजलं नाही तं गेला हे तरी कसं समजन?"

तरी मी हो म्हणलं नाही. आमच्या यायले, म्हणजे तिच्या बापाले, अस्वलाचं भेव वाटे. मले अस्वलाचं काही नव्हतं. ती गेली, अन हे फर्स्ट शिफ्टले गेले, का मी दिवसभर त्या दोन खोल्यात कोणाशी भांडू? खरं कारण हेच होतं, अन ते मी कोणाले सांगतलं नाही.

जुलैत एक दिवस कुंपणाजवळ सरड्याची मादी दिसली. पुढच्या पायानं माती उकरली, अंडे टाकले, माती ओढली, थोबाडानं दाबली, अन कुंपणावर चढून गेली. मागं वळून बी पाहिलं नाही.

"कशी माय हाय वो हे!" मी म्हणलं.

दामिनी हसली. "तिचं काम झालं, मम्मी. पिल्लं सगळं आपलं आपणच करतात."

आठ दिवसानं आमच्या यायनं नेमकी तिथंच अद्रक लावाले कुदळ मारली. पांढरे, कातड्यासारखे मऊ अंडे उघडे पडले. बारा. दामिनी धावत आली. अंडे अलगद उचलून ओल्या रेतीच्या डब्यात ठेवले, अन एकेकाले वरून पेन्सिलीनं टिकली मारली. तिचा जीव त्या डब्यात पाहून माह्या अंगाचा भडका झाला.

"हे फुटले तं जाजो जंगलात," मी म्हणलं. "नाही फुटले तं नाव काढाचं नाही."

"पक्का?"

"पक्का!"

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या कामानं पाच दिवस रायपूरले गेली. जाताना म्हणे, "रेती सुकू देऊ नको, बस."

मी तोंडाची फटकळ हाय, पण कोणी काम सोपवलं तं वाकडं करत नाही. आमगावकडे माह्या माहेरी कोंबड्या होत्या. खुडूक कोंबडीखाली अंडे ठेवले का माय त्याइले कोळशाची टिकली मारे. कोंबडी आळशी असली तं माय स्वतः उलटवे, सकाळी टिकली वर, संध्याकाळी खाली. मी तेच केलं. सकाळी वर, संध्याकाळी खाली. तीन अंडे एकमेकाले चिकटले होते, कातडं फाटन म्हणून तेवढ्याइले हात लावला नाही.

दामिनी आली अन चप्पल न काढता डब्याकडे गेली.

"मम्मी, तिनाच्याच टिकल्या दिसतात, बाकीच्या कुठं गेल्या?"

"खाली. दोन टाइम उलटवले. एक दिवस चुकली नाही मी."

ती मटकन खाली बसली. "अवो मम्मी... सरड्याचं अंडं उलटवत नाहीत. आतलं पिल्लू वरच्या बाजूले चिकटून राहते. उलटवलं तं मरते. कुठली बाजू वर, ते समजाव म्हणून तं टिकली होती."

'नाही फुटले तं' हे कोण म्हणलं होतं? मीच. आता कोण मानन का मी मुद्दाम केलं नाही? "पोरी, तुह्या गळ्याची शपथ..." मी रडाले लागली.

"सांगाले मीच विसरली," ती म्हणली, अन डबा घेऊन आत गेली. पण मले वाटे, हे वरवरचं हाय. दोन आठवडे मी तिच्या डोळ्यात पाहून बोलली नाही.

अंडे एक एक करून पिवळे पडले, पिचकले. नऊ गेले. ते अद्रकाच्या वाफ्यात मीच पुरले. चिकटलेले तीन मात्र फुगत होते. मी रोज देवाले सोडून पयले त्या डब्याले हात जोडे. पोरगी जाव म्हणून मी नवस करून राहिली होती, सांगा आता!

पोळ्याच्या दिवशी पुरण वाटता वाटता डब्यात पाहिलं. एका अंड्याले चीर गेली होती, अन चिरीतून काडीएवढं थोबाड माह्याकडे पाहून राहिलं होतं. "दामिनी!" मी अशी ओरडली का शेजारची भीमाबाई धावत आली. दुपारपर्यंत तिन्ही निघाले. दामिनीच्या तळहातावर दम घेतला, अन एका पाठोपाठ एक कुंपणावर.

दामिनी तिकडेच पाहत होती. "बारातून तीनच, मम्मी. तू नाही म्हणशील तं मी नाही जात. अन मुद्दाम केलं असं मले एक दिवस बी वाटलं नाही."

"मी 'फुटले तं' म्हणलं होतं," मी पुरणाच्या हातानंच डोळे पुसले. "किती फुटले तं, असं म्हणलं होतं का? लिही उत्तर!"

सप्टेंबरात तिले बसवर सोडाले गेली. ठरवलं होतं, गाडी सुटली का सरळ घर. मागं वळून पाहाचं नाही. चार पावलं चालली अन वळलीच. ती बी खिडकीतून अर्धी बाहेर निघून माह्याकडेच पाहून राहिली होती.

"डोकं आत घे वो!" मी ओरडली.