टाकीखालच्या दारावरचं कुलूप

मी पितळी कुलूप बोलतोय. जरा लांबूनच ऐका. जवळ येणाऱ्या माणसाचा मला अजून भरवसा वाटत नाही.

मोताळ्याच्या आठवडी बाजारात शकूरभाईंच्या दुकानात मी तारेला टांगलेला होतो. निवृत्तीराव तेव्हा नुकतेच सरपंच झाले होते. त्यांनी मला दहादा उघडून लावून पाहिलं आणि तिसरी चाबी तर ठेवून घेतली नाही ना, असं शकूरभाईंना विचारलं. शकूरभाई नुसते हसले. घरी आल्यावर निवृत्तीरावांनी एक चाबी कंबरेच्या करगोट्याला बांधली अन् दुसरी विहिरीत टाकली.

गावाच्या पाण्याच्या टाकीखाली एक खोली आहे. पाणी सोडायचे व्हॉल्व्ह तिथे आहेत. विरोधक पाण्यात काही कालवतील, या शंकेपायी मला तिच्या दारावर लावलं. थोड्या दिवसांनी पाणी सोडणाऱ्या गणेशवरही संशय आला, तेव्हा निवृत्तीराव स्वतःच पाणी सोडू लागले. ज्या गल्लीला आधी पाणी, ती गल्ली वाकून नमस्कार करते, हे त्यांना लवकरच कळलं. मत न देणाऱ्यांची गल्ली शेवटी राहू लागली.

मी पाच वर्षं विष घेऊन येणाऱ्याची वाट पाहिली. कोणी आलं नाही.

पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच चुलतभावाची सून अर्पिता निवडून आली. निवृत्तीराव म्हणाले, चाबी हरपली. तीन दिवस नळ कोरडे. लोक घण घेऊन आले, पण अर्पितानं अडवलं. कुलूप तोडलं तर निवृत्तीराव जन्मभर गावाला चोर म्हणतील, असं तिचं म्हणणं. मला वाटलं, हाही देखावाच असेल.

चौथ्या दिवशी दुपारी निवृत्तीरावांच्या पत्नी, सत्यभामाबाई, त्यांना दारापुढे घेऊन आल्या.

"चार दिवस झाले, मळ्यातून हंडे वाहून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "अन् चाबी तुमच्या कंबरेले. कोणाचं भेव वाटते तुमाले?"

निवृत्तीराव हळूच म्हणाले, "चाबी देल्ली तं मले कोण इचारीन?"

"मी रोज इचारते, जेवले का म्हणून. पाच वर्षांत तुमी धड उत्तर नाही देल्लं."

निवृत्तीरावांना करगोट्याची गाठ सुटेना. शेवटी सत्यभामाबाईंनीच ती सोडवली. मला मात्र निवृत्तीरावांनी स्वतः उघडलं. आत व्हॉल्व्ह फिरवले, पाणी सुटलं, आणि ते कोणाकडे न पाहता घरी गेले. त्या दिवशी ते पोटभर जेवले, असं सत्यभामाबाई दुसऱ्या दिवशी टाकीजवळच्या नळावर सांगत होत्या.

आता ते दुपारी टाकीजवळच्या कडुलिंबाखाली झोपतात. चांगले घोरतात. सुरुवातीला झोपेत हात कंबरेकडे जायचा, हल्ली जात नाही.

चाबी गणेशकडे आहे. मी कडीत उघडाच लटकतो, काळवंडतोय. येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात तेवढे बघत असतो.

परवा अर्पिता आली. गणेशला म्हणाली, आज आपल्या गल्लीपासून सोड, घरी पाहुणे हायेत. असतीलही पाहुणे. पण तुम्ही या वाटेनं जाता-येता तिच्यावर नजर ठेवा. मी उघडं कुलूप, माझ्यानं काही अडवणं होत नाही.