गाण्यात नसलेली गाडी

सुपातले तांदूळ गाडीच्या आवाजाआधी हलत. रूळ घरापासून दोन शेतं पलीकडे होते. आधी जमीन थरथरे, मग कण्या अखंड दाण्यांपासून सुटून सुपाच्या खोलगट कडेला सरकत, आणि त्यानंतर कुठे शिटी ऐकू येई. घाट चढायला निघालेली गाडी कण्यांना बराच वेळ हलवत ठेवी. उतरून आलेली लवकर सोडून देई. भागूबाईला मान वर न करता कळे, कुठली गाडी आहे ते.

ती भिसेगावची धवलारीण होती. तिथल्या आगरी वस्तीत लग्न लावायला भट येत नसे. मांडव घालण्यापासून वरात पोचेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असे आणि धवलारीण ते गाऊन लग्न लावी. गाण्याचा एक नेम होता. वस्तू आली की तिच्या घडवणाऱ्याचं नाव यायचं. मडकं आलं की कुंभाराचं, सूप आलं की बुरुडाचं. तो जिवंत असला तर त्याच्या नावानं अक्षता टाकायची. मेलेला असला तर पितरांबरोबर चौरंगावर त्याची सुपारी मांडायची आणि लग्नाला बोलवायचं.

गाणं जुनं होतं, पण एका काळाचं नव्हतं. त्यात घाटानं मीठ घेऊन चढणारे बैल होते. पुढे पेशव्यांचे स्वार नदीच्या उताराशी घोड्यांना पाणी पाजत. त्याच्याही पुढे वरात जकातीच्या नाक्यावर अडे, ती ओळ भागूबाईच्या सासूनं घातलेली. जिनं जे पाहिलं ते तिनं गाण्यात ठेवलं होतं. भागूबाईची मात्र एकही ओळ नव्हती. वरात नाक्यावरून सुटे ती थेट नवऱ्यामुलाच्या दारात.

माघात शेजारची कोंडी लेकीच्या लग्नाची सुपारी घेऊन आली. मागोमाग लेक, शकू.

"काकी, पोर बदलापूरला दिली. गाडीनं जायची हाय," कोंडी म्हणाली. "तिकडली धवलारीण गान्यात गाडी घालते म्हनं. आपली वरात अजून बैलांच्या मागं."

"बैल पोचवतात."

"पोचवतात गं, पन व्याही हसतात. बोलले, तुमच्या म्हातारीला जमत नसंल तर आमची आनू."

शकू उंबऱ्यावर टेकली. "काकी, गाडी घातली तर घडवनारा कोन म्हनायचा?"

"सायब, दुसरा कोन?" कोंडी म्हणाली. "त्याला बी जेवाया बोलवू. पाटावर मांडी घालून बसवू नि सुकटीचं कालवन वाढू."

मायलेकी हसल्या. भागूबाई पाखडत राहिली.

"सायबानं फोडला का डोंगर?"

कोंडीचं हसू थांबलं. तिची नजर काकीच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवर गेली आणि तिनं ती चटकन दुसरीकडे वळवली.

भागूबाईचा नवरा धाकलू घाटाच्या कामावर गेला होता. डोंगरात बोगदे पडत होते तेव्हाची गोष्ट. तो पहार घेऊन गेला, अधूनमधून घरी येत राहिला, आणि एका उन्हाळ्यात वर पटकी आली. माणसं पळून खाली उतरली. एकानं सांगितलं, त्याला मजुरांच्या छपरात पडलेला पाहिला. दुसऱ्यानं सांगितलं, तो घाट ओलांडून देशाकडे चालता झाला. प्रेत कुणी पाहिलं नव्हतं. भागूबाईनं दुसऱ्याचं खरं धरलं. तेरावा केला नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत. गावानं जोर केला नाही. पण सवाष्णीशी कसं बोलायचं ते बायकांना ठाऊक होतं, विधवेशी कसं तेही ठाऊक होतं. हिच्याशी कसं, ते कुणाला ठरवता येईना. त्यामुळे हळूहळू बोलणंच कमी झालं. लग्नाला तिला आधी बोलवत आणि लग्न लागलं की ती ओटीच्या कडेला एकटीच जेवत असे.

गाडीची ओळ तिनं कधीच बांधली होती. तिन्हीसांजेला चुलीपुढे ती पुटपुटे:

डोंगराचे पोटी गो वाट कोनी केली,
वाट कोनी केली गो, गाडी कोनी नेली...

आणि इथं थांबे. वाट करणारे किती होते, कुठकुठले होते, तिला ठाऊक नव्हतं. नाव ठाऊक होतं ते एकाचंच. बाईनं ते घ्यायचं नसतं, हे एक. दुसरं म्हणजे नाव घेतलं की अक्षता टाकायच्या की सुपारी मांडायची, ते ठरवावं लागलं असतं.

हळदीच्या दिवशी मांडव भरला. चौरंगावर तांदळाची रास, तिच्यावर कोंडीच्या सासूची, आजेसासऱ्याची, आणखी गेलेल्या कितीजणांच्या सुपाऱ्या. बदलापूरकडची माणसं आली होती, त्यांची धवलारीणही. ठसठशीत बाई, आवाज मोकळा. हळदीला वरातीपर्यंतचं सगळं गाणं एकदा म्हणून घ्यायची रीत होती. भागूबाई गात नाक्यापर्यंत आली, आणि तेवढ्यात राशीवरचे दाणे हलायला लागले. बराच वेळ हलत राहिले. ती चुकली नव्हती, पण थांबली.

"दमली गो आजी," त्या बाईनं मायेनं म्हटलं आणि ओळ उचलून धरली:

सायबाने डोंगर फोडला गो,
सायबाने वाट केली...

व्याह्यांकडच्या बायकांनी झेललं. भिसेगावच्याही दोघी-तिघी मिसळल्या. ओळ सोपी होती. पाटावर हळदीनं माखलेली शकूही ओठ हलवायला लागली. भागूबाई त्या ओठांकडे पाहत होती. ही पोर उद्या बदलापूरला जाईल, तिथं हेच म्हणेल, तिच्या पोरींना हेच शिकवेल. मग घाटात कुणी पहार मारलीच नव्हती, असं होईल.

तिनं हात वर केला. गाणं एकेका तोंडातून विरत गेलं.

"तुझा गला चांगला हाय, बाय," ती त्या बाईला म्हणाली. "पन सायब नाय."

भागूबाईनं मनगटावरच्या बांगड्यांवर दुसरा हात ठेवला.

"कोंडे, अजून एक सुपारी मांड. धाकलू. माझा नवरा. घाटात मेला तो. आधी त्याला बोलावते, मंग गाडी आनते."