शरीफाची फेड

लतीफ कल्हईवाला आणि किसनराव औंढ्यात एकाच गल्लीत वाढले. किसनरावाचं देवळाच्या रस्त्यावर तांब्या-पितळेचं दुकान होतं आणि दुकानाच्या ओट्याला लागूनच लतीफचा भाता. वर विकलेलं भांडं खाली कल्हई होऊन घरी जायचं. दोघं एकमेकांना लहानपणच्याच नावानं हाक मारायचे, किसन्या आणि लत्या.

जर्मनची दुसरी लढाई सुरू झाली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात लतीफच्या बायकोला, शरीफाला, तापानं धरलं. हकिमाचं औषध लागू पडेना. किसनरावानं स्वतःची बैलगाडी जुंपली, तिला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं आणि महिनाभराचा सगळा खर्च केला. लतीफ म्हणाला, कागद करू. तर तो चिडला. आपल्यात कागद कशाचा? शरीफा वाचली.

वर्षभरात फेडायचं, असं लतीफनं मनाशी धरलं होतं. पण लढाई पूर्वेकडं पसरली, कल्हईचं कथील यायचं ते तिकडूनच, आणि बाजारातून ते नाहीसंच झालं. मिळालं तर चांदीच्या भावानं. लोक मातीच्या गाडग्यांत रांधू लागले. लतीफचा भाता थंड पडला.

किसनरावानं पैसे कधी मागितले नाहीत. मागितले असते तर मुदत घेता आली असती, भांडताही आलं असतं. तो फक्त गिऱ्हाइकांना सांगायचा, आपलाच माणूस आहे, बायको मरत होती बिचाऱ्याची, आपण वाचवली. खाली बसलेला लतीफ मान घालून हसायचा. हळूहळू त्याच्या तोंडून 'किसन्या' निघेना. आधी 'किसनराव' आलं, मग 'शेठ'. किसनरावानं एकदाही नको म्हटलं नाही. त्याच्या घरची भांडी फुकट कल्हई होऊ लागली, पुढं मेव्हण्याच्या घरचीही. लतीफ हॉटेलात चहाला टेकला की त्याला वाटायचं, लोक बघून राहिले, याच्याकडं चहाला आहेत आणि द्यायला नाहीत. ईदला शरीफानं नव्या बांगड्या भरल्या तर तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

किसनरावावर राग काढायची सोय नव्हती. तो राग लतीफ घरी आणायचा. शरीफाच्या अंगावर मांस चढलं, गळालेले केस पुन्हा आले, ती विहिरीवर बायकांत हसू लागली, आणि ते त्याला बघवेना. आपण कुणाची तरी वस्तू घरात सांभाळून राहिलो, असं त्याला वाटायचं.

किसनरावाच्या नातवाचं बारसं निघालं. पंगतीची सगळी भांडी लतीफकडं आली. जपून ठेवलेलं शेवटचं कथील त्यानं त्या हंड्या-पातेल्यांत घातलं. नवसागराच्या धुरानं डोळे लाल, बोटं पोळलेली, असा तो दुपारी घरी आला, तर शरीफानं कितीतरी दिवसांनी मटण शिजवलं होतं. त्यानं ताट सरकवलं.

"कुणाच्या पैशाचं?"

"माझ्या. शेंगा फोडायला जाते न्हाई का मी."

लतीफ अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू तवाच गेली असतीस तर एकदाच रडलो असतो. आता रोज मरून राहिलो."

शरीफानं ताट उचललं, झाकून ठेवलं. त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.

कापसाचा हंगाम लागला तशी ती हिंगोलीच्या जिनिंगमध्ये कामाला जाऊ लागली. तिथं तिची मावशी रहिमाबी होती, तिच्याकडं राहायची, कधीमधी औंढ्याला यायची. अंगावर कापसाची भुरी, छातीत पुन्हा खोकला. लतीफनं विचारलं नाही. पायातले चांदीचे तोडे दिसेनासे झाले तेही त्यानं विचारलं नाही. पैसे साठले की आपल्याच हातात देईल, असं त्याला वाटत होतं.

उन्हाळ्यात ती आली ती घरी न जाता सरळ दुकानावर. गिऱ्हाइकं बसलेली होती. तिनं पदराची गाठ सोडली आणि पैसे गादीवर ठेवले.

"मोजून घ्या, शेठ. माझ्या जीवाचे हायत."

किसनरावाचा चेहरा पडला. तो म्हणाला, कुणी मागितले होते का, आपल्यात असं काही नसतं. ती उभीच राहिली. शेवटी त्यानं मोजले. खाली लतीफ भात्याची दांडी धरून बसला होता. शरीफा पायऱ्या उतरून त्याच्यापाशी आली.

"फिटलं. आता मी जित्ती हाये, त्याची तकलीफ कुणाला न्हाई."

आणि ती पुसेगावच्या वाटेला लागली, भावाकडं.

लतीफला पहिल्यांदा हलकंच वाटलं. त्या दुपारी तो गाढ झोपला. संध्याकाळी चूल पेटलेली नाही हे बघून मात्र त्याला कळेना, काय करावं. किसनराव तर त्याच्याशी बोलेनासाच झाला. ज्याच्यासाठी जीव टाकला त्यानं बायकोला पाठवून चारचौघांत माझं तोंड काळं केलं, असं तो गावभर सांगू लागला. लतीफला भाता ओट्यापासून दुसरीकडं हलवावा लागला.

लतीफ पुसेगावला गेला. शरीफाच्या भावानं, खाजा मियानं, बाजेवर बसवलं, चहा दिला. शरीफा दाराशी येऊन उभी राहिली. लतीफ म्हणाला, रागात बोललो होतो.

"रागात न्हाई बोललात," ती म्हणाली. "लई दिवसांपासून तुमच्या मनात तेच चालू होतं. मला दिसत होतं. कानावर तेवढं पडायचं राहिलं होतं. आता तुमच्या घरचा घास मला गिळवत न्हाई."

खोटं आहे, असं त्याला म्हणता आलं नाही. वाटेनं परतताना त्यानं तिच्यावर चिडून बघितलं. तेही जमलं नाही.

लढाई संपली. कथील पुन्हा येऊ लागलं, औंढ्यात घराघरांतून भांडी निघाली, लतीफच्या हातात पैसा खेळू लागला. बाजाराला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तो पुसेगावला पैसे धाडायचा. खाजा मिया त्याच माणसाबरोबर ते जसेच्या तसे परत पाठवायचा, सलाम सांगून.