जावईबापूंचा गिअर

चष्मेवाल्याच्या सासूबाईंनी तरुणपणी सायकलच्या शर्यती गाजवल्या होत्या. जावयाच्या वाढदिवसाला त्यांनी दिलेली सायकलही शर्यतीचीच: गिअर एकच, आणि तोही मागच्या चाकाला घट्ट जखडलेला. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. पाय थांबवून आरामात घरंगळायची सोयच नाही. रस्त्यावर चालवायची म्हणून ब्रेक तेवढा बसवून घेतलेला.

"दातेरी चाकं कोणती बसवू?" सायकल उलटी करून सासूबाईंनी विचारलं. "पुढचं मोठं आणि मागचं लहान घेतलं, तर वेग भरपूर, पण चढाला जीव जाईल. उलट केलं, तर चढ सोपा, पण उतारावर पाय गरगरतील."

"तुम्ही शर्यतीत काय लावायचात?"

"पुढे बावन्न, मागे चौदा दात्यांची. पण तिथे सगळं सपाट होतं, जावईबापू. तुमच्या दुकानाच्या वाटेत टेकाड आहे."

"बावन्न-चौदाच लावा!" चष्मेवाला म्हणाला. सासूबाईंसमोर माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. बायकोने आतूनच कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी निम्म्या चढावर सायकल अडून बसली. चष्मेवाल्याने दातओठ खाल्ले, पायडलवर उभा राहून नाचला, पण ते ढिम्म हलेना. काठी टेकत चाललेले एक आजोबा त्याला मागे टाकून गेले आणि वळून म्हणाले, "हात देऊ का रे, बाळा?"

संध्याकाळी त्याने मुकाट्याने गिअर हलका करून घेतला. पुढे चाळीस, मागे बावीस.

दुसऱ्या दिवशी चढ कधी संपला ते कळलंसुद्धा नाही. त्याची छाती फुगली. मग उतार लागला, आणि पाय शिलाई मशीनच्या सुईसारखे खालीवर व्हायला लागले. दुकानासमोर एक बाई वाट बघत उभ्या होत्या.

"माझा चष्मा झाला का हो?"

"झालाऽऽ!" एवढं ओरडून तो स्वतःच्याच दुकानावरून पुढे निघून गेला. सायकलला ब्रेक आहे हे आठवेपर्यंत तो चौकातल्या गादीवाल्याच्या कापसाच्या ढिगात नाकापर्यंत रुतला होता.

"ब्रेक विसरतं का कोणी?" सासूबाई कडाडल्या. "उद्या मी चालवून दाखवते."

सकाळी तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. टेकाडावरून सासूबाई दिसल्या. आधी ऐटीत, मग घाईत, मग डोळे विस्फारून.

"आई, ब्रेक! ब्रेक!"

"अगं बाई!" म्हणत त्या समोरून सुसाट गेल्या.

तो धावत पोचला, तेव्हा गादीवाला त्यांना बाहेर ओढत होता. "एकाच घरातले का तुम्ही?" त्याने विचारलं.

सासूबाई केसातला कापूस झटकत खदखदून हसत होत्या. "शर्यतीच्या सायकलला ब्रेकच नसायचा हो! हात कशाला जाईल तिकडे?"

चष्मेवालाही त्यांच्यासमोर पहिल्यांदाच मोकळेपणी हसला. "खरं सांगू, आई? तुमच्यापुढे कमी पडायला नको, म्हणून तो जड गिअर मागितला होता."

"आणि मला वाटलं, सायकल तुम्हाला आवडलीच नाही, म्हणून रोज उणं काढताय."

तिथेच गाद्यांवर बसून, वाद घालत, दोघांनी मधला गिअर ठरवला: शेहेचाळीस-एकोणीस. त्यावर उतार बेताने उतरता येतो. चढाचा शेवटचा तुकडा मात्र चष्मेवाला अजून सायकल ढकलतच नेतो. कोणी हटकलं, तर म्हणतो, "गिअर अगदी बरोबर आहे. टेकाडच जरा जास्त झालंय."