खटक्यानंतरचे दोन घोट

मित्रांनो, मी कोळशाचा जुना डबा आहे. शेगडीचा नव्हे हं! मोटारीच्या पोटाखाली, पेट्रोलच्या टाकीजवळ माझी जागा होती. टाकीत पेट्रोल ओतले की आतली वाफ बाहेर ढकलली जाते. ती नळीतून माझ्याकडे यायची आणि माझा कोळसा तिला धरून ठेवायचा. मग गाडी पळू लागली की इंजिन ती वाफ माझ्यातून ओढून जाळून टाकायचे, आणि मी पुन्हा रिकामा! अकरा वर्षे हे केले, पण माझे नाव कुणाला ठाऊक नव्हते.

माझा मालक डेलमर, अमेरिकेतल्या नेब्रास्कातला गुरे पाळणारा म्हातारा. त्याच्या बायकोला, अर्लिसला, दमा. तिची बहीण सत्तर मैलांवर अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी चर्च झाले की दोघे तिच्याकडे जात. वाटेत एकच पंप. डेलमर स्वतःच पेट्रोल भरी, अर्लिस शेजारी उभी राहून काच पुसे. तिला वास यायचा नाही, कारण मी होतो. केवढा अभिमान वाटे मला!

पण डेलमरला एक खोड होती. टाकी भरली की पंपाच्या नळीचा खटका पडून पेट्रोल आपोआप थांबते; तरी तो नळीची दांडी आणखी दोनदा दाबायचाच.

"अरे, पडला ना खटका? पुरे की आता!" अर्लिस म्हणे.

"तू गप गं! पुढे काय तुझा भाऊ पंप उघडून बसलाय? मावतात अजून दोन घोट."

ते घोट टाकीत मावत नव्हते, मित्रांनो. ते माझ्या नळीत शिरत. वाफ मला पेलते, पेट्रोल नाही. माझा कोळसा भिजत गेला आणि एके दिवशी मी पार बुडालो. पंपावरून निघताना गाडी आचके देऊ लागली.

गॅरेजवाला रॉयस म्हणाला, "डबा बुडवलास की रे! नवा मागवतो."

"त्याचं काय लोणचं घालायचंय? काढून टाक!"

रॉयस तयार होईना. डेलमरने घरी येऊन स्वतःच मला उपटले, गोठ्यामागे भंगारात फेकले आणि नळी उघडीच ठेवली.

पुढच्या रविवारी गाडी अर्ध्या वाटेतून परत आली. अर्लिस छाती धरून उतरली. पंपावर वाफ तिच्या नाकात गेली होती, गाडीतही तोच वास.

"मला नाही जमायचं रे आता. तूच जात जा. मी बरी आहे म्हणून सांग तिला," ती म्हणाली आणि पायरीवर बसून रडली.

बहीण इकडे येऊ शकत नाही, ही तिकडे जाऊ शकत नाही. डबा आणि दमा यांचा संबंध डेलमरला पटतच नाही. माझा कोळसा तर कायमचा मेला.

मित्रांनो, पंपावर खटका पडला की तुमच्या घरच्या मोठ्या माणसाचा हात धरा. रागावतील, तरी धरा. मला हात नव्हते.