मनमिळाऊ नसलेला माणूस

केडगावच्या ख्रिस्ती वस्तीत कुणी वारलं, की चर्चच्या पाळकांच्या पाठोपाठ दानीएल मास्तरांकडे निरोप जायचा. स्मरणार्थ भक्तीत, म्हणजे मृताच्या आठवणीच्या प्रार्थनासभेत, वाचायचा जीवनवृत्तांत पस्तीस वर्षं तेच लिहीत आले होते. जन्म, बाप्तिस्मा, शिक्षण, विवाह, नोकरी, मुलंबाळं आणि शेवटी 'प्रभूमध्ये विसावले'. मध्ये 'प्रेमळ, मनमिळाऊ व कष्टाळू' हे तीन शब्द ठरलेले. मास्तरांच्या लेखी वस्तीत आजवर एकही भांडखोर माणूस मेला नव्हता.

गंमत अशी, की शाळेत निबंध शिकवताना हेच मास्तर मुलांना बजावत, "गुण सांगू नका, प्रसंग सांगा. गुण वाचणाऱ्याला आपोआप कळतो." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

आणि इमॅन्युएल वारले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे आणि मास्तरांशी वीस वर्षं एक शब्द न बोललेले. त्यांचा वृत्तांत दुसरं कुणीतरी लिहील, असं मास्तरांनी धरूनच ठेवलं होतं. तर तिसऱ्या दिवशी सकाळी इमॅन्युएलच्या पत्नी, सिल्व्हियाबाई, दारात उभ्या.

"मास्तर, रविवारी भक्ती हाय. तुमीच लिवायचं."

दारात आलेल्या विधवेला नाही कसं म्हणणार? मास्तरांनी तासाभरात एक पान लिहिलं आणि पोचतं केलं. दुपारी सिल्व्हियाबाई ते पान घेऊन परत आल्या.

"ह्यात ते न्हाईत," त्यांनी पान टेबलावर ठेवलं. "नाव बदला, कुनालाबी चालंल. मनमिळाऊ? पंचेचाळीस वर्सं संसार केला मी. मला तर कदी दिसले न्हाईत मनमिळाऊ."

मास्तरांना जरा झोंबलं. "वहिनी, मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

"न्हाई. दवाखान्यात त्यांनीच सांगून ठिवलंय. म्हनले, दानीएलकडनंच लिहून घे. माज्याबद्दल लिवायचं म्हनल्यावर त्याला खरं लिवावंच लागंल."

ते खरं कोणतं, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं.

वीस वर्षांपूर्वी इमॅन्युएलची आई गेली, तेव्हा सिल्व्हियाबाईंनी सासूची सगळी माहिती कागदावर लिहून दिली होती. मास्तर तेव्हा दहावीच्या पेपरांत बुडालेले. त्यांनी कागद उघडलाच नाही. एका जुन्या वृत्तांतातली नावं आणि तारखा बदलून मोकळे झाले. भक्तीत वाचता वाचता 'त्या चर्चमध्ये पेटी वाजवत' असं वाक्य आलं आणि इमॅन्युएल भर चर्चमध्ये उभे राहिले.

"माझ्या आईनं जन्मात पेटीला हात लावला नाही. ती राजूरकडच्या डोंगरात शाळा चालवायची. मास्तर, हे तुम्ही कुठल्या बाईचं वाचताय?"

सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तर घाबरले आणि म्हणाले, "मला घरून माहिती मिळाली, तशी मी लिहिली." झालं. त्या दिवसापासून वस्तीतल्या बायका सिल्व्हियाबाईंना बोलू लागल्या, की सून कसली, सासूची चार वाक्यं धड सांगता येईनात हिला. मास्तरांच्या कानावर ते येत असे. मास्तर शाळेत होते, पुढे चर्चच्या पंचकमिटीत होते, लोक त्यांना मान देत. ते गप्प राहिले.

"बसा वहिनी," मास्तर आता म्हणाले. त्यांनी वही उघडली. "ते चिडायचे कशावर?"

सिल्व्हियाबाई तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "कशावर न्हाई ते इचारा."

मग प्रसंग निघाले. उपदेश लांबला, की इमॅन्युएल हातातलं घड्याळ काढून पाळकांना दिसेल असं धरत. रस्त्यानं कुणाच्या मोटारसायकलची चेन सैल वाजली, की त्याला अडवून, शिव्या देत देत, तिथंच चेन आवळून देत. मास्तर लिहीत गेले. हात थांबेना.

थांबला तो एका जागी. 'पूर्वी एका वृत्तांतात काही चूक राहून गेली होती,' असं त्यांनी लिहिलं. वाक्य सुबक होतं. एखाद्या मुलानं असं लिहिलं असतं, तर मास्तरांनी लाल शाईनं समासात विचारलं असतं, 'कुणाकडून?' रविवारपर्यंत त्यांनी ते वाक्य सहा वेळा खोडलं. उतारवयात सगळ्यांसमोर खोटारडं ठरायची त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

रविवारी चर्च भरलं होतं. मास्तरांनी जन्मतारखेपासून सुरुवात केली नाही. "इमॅन्युएल मनमिळाऊ नव्हते," ते म्हणाले. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. घड्याळाच्या प्रसंगाला पाळकही हसले. मग मास्तरांनी चष्मा काढला. पुढचं त्यांना वाचायची गरज नव्हती.

"त्यांच्या आईच्या वृत्तांतात मी दुसऱ्या बाईचं आयुष्य वाचलं. घरून चुकीची माहिती आली, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. सिल्व्हियाबाईंनी सगळं बरोबर लिहून दिलं होतं. मी तो कागद उघडलासुद्धा नव्हता. इमॅन्युएलला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं."



भक्ती संपल्यावर मास्तर फाटकापाशी सिल्व्हियाबाईंजवळ गेले. "वहिनी, माझं चुकलं. त्यांनी हे कुणाला का सांगितलं नाही हो? त्यांनी नुसतं बोलायचा अवकाश होता."

"मी म्हनायची, सांगा लोकांस्नी. तर म्हनायचे, मी सांगितलं तर मास्तरची शाळेत काय किंमत राहील? त्यानंच सांगू दे." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "लई वाट बघितली त्यांनी, मास्तर."

मास्तरांना तिथंच रडू आलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना इमॅन्युएलशी बोलायचं होतं.