मांजराच्या हिरडीतला जंतू

दोघी बहिणींपैकी धाकटी जनावरांची डॉक्टर आणि थोरली जंतूंची अभ्यासक. त्यामुळे घरी जेवताना बोलणं कुठे घसरेल याचा नेम नसे, आणि आई ताट उचलून सरळ आतल्या खोलीत जायची.

एका शिंप्याचं पिवळं मांजर धाकटीच्या दवाखान्यात आलं, तेव्हा त्याच्या हिरड्या लालबुंद सुजल्या होत्या. औषधाने गुण येईना. तिने कापसाचा बोळा हिरडीवरून फिरवला, नळीत बंद केला आणि ताईच्या प्रयोगशाळेत पाठवला. चौथ्या दिवशी ताईचा फोन आला.

"तुझ्या मांजरात कोण सापडलंय, माहितीये?"

"कोण?"

"तेच कळत नाहीये. जंतू ओळखणारं यंत्र नाव सांगायलाच तयार नाही."

जंतू वाढवायच्या, रक्त मिसळलेल्या खाद्याच्या बशीत खसखशीहून बारीक, राखाडी ठिपके उगवले होते. दुसरं कुणी 'इतर जंतू' असं लिहून मोकळं झालं असतं. ताईने पिच्छा पुरवला. तो किती उबेत वाढतो, कुठली साखर खातो, हवेवाचून जगतो का, सगळं तपासलं. जनुकं वाचली. सर्वांत जवळच्या नातलगाशी साम्य भरलं एक्क्याण्णव टक्के; एकाच प्रजातीतले म्हणायला साधारण पंच्याण्णव तरी लागतात. जंतू नवा होता!

धाकटीला आकाश ठेंगणं झालं. हिरड्या सुजवणारा चोर आपण पकडला, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली.

"जरा दमाने घे," ताई म्हणाली. "मला धडधाकट मांजरांचेही बोळे हवेत."

वर्षभरात धाकटीने साठ मांजरांची तोंडं उघडली. दोन्ही हात ओरखड्यांनी भरले. ताईने प्रत्येक बोळा त्याच चिकाटीने तपासला आणि एका दुपारी तिला बोलावून घेतलं.

"हा चोर नाही गं. निरोगी तोंडांतही तेवढाच आहे. बिचारा तिथला राहणारा आहे."

धाकटीचा चेहरा पडला. "मग एवढी धडपड पाण्यात? रोगाचा जंतू म्हटलं असतंस तर सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असतं."

"असतं की. पण तो तसा नाही ना!"

ताईने हे अगदी सहज म्हटलं. शिंप्याच्या मांजराच्या हिरड्या मात्र वर्षानंतरही सुजलेल्याच होत्या. दुसऱ्याच दिवशी धाकटीने ते परत बोलावलं, आणि या खेपेस दातांचा एक्स-रे काढला. मागच्या दाढेचं तुटकं मूळ आत कुजत होतं. ते काढल्यावर पंधरा दिवसांत मांजर पोटभर खाऊ लागलं.

जंतूचे नमुने ताईने दोन देशांतल्या संग्रहांत ठेवायला पाठवले. त्याशिवाय नवं नाव मान्य होत नाही.

"माझं नाव दे की त्याला," धाकटी म्हणाली.

"मांजराच्या थुंकीतल्या जंतूला? आई मला घरात घेईल?"

शेवटी ताईने 'निरुपद्रवी' या अर्थाचा लॅटिन शब्द निवडला. शोधनिबंध छापून आला, त्या दिवशी धाकटी मुद्दाम प्रयोगशाळेत गेली. ताईने सूक्ष्मदर्शक तिच्या उंचीला लावून दिला. जांभळ्या रंगात आखूड, गुबगुबीत काड्या दोन-दोनच्या जोडीने पडल्या होत्या. रोज किती मांजरांची तोंडं आपण उघडतो, आणि हे जंतू आजवर कुणाला ठाऊकही नव्हते! तिने मान वर केली. ताई शेजारच्या टेबलावर पुढच्या बशीवर वाकली होती. धाकटी बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिली.